भुई आवळीच्या आधी तुमचा रिपोर्ट वाचू

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. वय ४४, पिंपरीत नोकरी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एसजीपीटी ७८, एसजीओटी ४८ (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे), प्लेटलेट २ लाख ४० हजार, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’. वजन ८२ किलो, उंची पाच फूट सहा इंच. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू आहे. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र ‘लिव्हरवर ताण नको’ म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच बंद केलीत. आईंनी गावाहून भुई आवळी वाळवून पाठवली आहे, काष्ठौषधींच्या दुकानातून एक ‘लिव्हर डिटॉक्स’ चूर्ण घरी आलं आहे आणि शेजारचे काका रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या म्हणून मागे लागलेत. शिवाय मामांची कावीळ एका माणसाने गळ्यात माळ घालून ‘उतरवली’ होती, ते घरात अजून सगळ्यांना आठवतं. यातलं खरं किती, आणि घ्यायचं काय?

मी वैद्य आहे, कऱ्हाडला बावीस वर्षं दवाखाना चालवते. झाडपाल्यावरच माझं पोट चालतं, तेव्हा माझा कल कुठे असेल ते ओळखूनच पुढचं वाचा. पण याच बावीस वर्षांत यकृताच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त फसले आहे, आणि फसवलं ते गुण आलेल्या रुग्णांनी.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार एकाच पिशवीत पडलेत. मामांना झाली ती कावीळ. तुम्हाला झालंय ते फॅटी लिव्हर. एक बहुधा विषाणूचा, अचानक येऊन काही आठवड्यांत जाणारा आजार. दुसरा दहा-पंधरा वर्षं मुकाट्याने साठत गेलेल्या चरबीचा. दोन्ही यकृताचे, एवढंच साम्य. ‘लिव्हरसाठी चांगलं’ असं लिहिलेल्या बाटलीला यातला कुठला आजार बरा करायचा आहे हे बाटलीलाही माहीत नसतं. हीच औषधं त्याशिवाय दारूने खराब झालेल्या यकृतासाठी, हेपटायटिस बी साठी, पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यासाठी, अगदी टीबीच्या गोळ्यांनी वाढलेल्या एसजीपीटीसाठीही त्याच दुकानातून त्याच विश्वासाने नेली जातात.

मामांची कावीळ कशी उतरली, ते आधी सांगते. दूषित पाण्यातून येणारी कावीळ हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि बहुतेक धडधाकट माणसांत ती आपली आपण बरी होते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून दिल्लीत २९ हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. पुढे त्या वेळचे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले गेले, त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचेही संशोधक होते, आणि तो विषाणू ए नव्हताच हे कळलं. आज आपण त्याला ई म्हणतो. त्या साथीतले बहुतेक सगळे बरे झाले. कुणी ऊस खाल्ला असेल, कुणी मंत्र घातला असेल, कुणी नुसतं पडून राहिलं असेल, आणि ज्याने जे केलं त्याला त्याचं श्रेय मिळालं. अपवाद गरोदर बायकांचा. ई विषाणूची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर माझ्या दवाखान्यात औषध मिळत नाही, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

माळेचं म्हणाल, तर ओल्या मुळांचे किंवा काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. ते वाळून आकसतात, फास सैल होतात, दोरा सुटतो, माळ लांब होते. कावीळ नसलेल्या माणसाच्या गळ्यातही ती तेवढीच लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, कारण धुणाऱ्याने हाताला आधीच झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. हे दोन्ही प्रकार निरुपद्रवी तरी आहेत. तिसरा प्रकार तसा नाही. देवडांगरी किंवा कडू दोडक्याचा रस नाकात सोडतात आणि दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं. बघणाऱ्याला वाटतं कावीळ वाहून चालली. प्रत्यक्षात नाकाच्या आतली त्वचा भाजल्यासारखी सुजलेली असते. रक्तातलं बिलिरुबिन नाकावाटे बाहेर पडत नाही.

आमच्या शास्त्राची बाजूही घेऊ द्या. चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात कावीळ, म्हणजे कामला, एकच नाही. एका प्रकारात पित्ताची वाट अडलेली असते आणि रुग्णाचा मल वाटलेल्या तिळासारखा फिका होतो, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पित्त आतड्यात पोहोचलं नाही की मलाचा रंग जातो, हे सोनोग्राफी नसताना कुणीतरी नीट बघून लिहून ठेवलं. त्यामुळे डोळे पिवळे घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ‘संडासचा रंग कसा आहे?’ हाच असतो. सात-आठ वर्षांपूर्वी अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी आले. सोळा दिवस गळ्यात माळ, अंगाला खाज सुटून ओरखडे पडलेले, संडास पांढरट. पित्तनलिकेत खडा अडकला होता. दुर्बिणीतून तो काढेपर्यंत नलिकेत जंतुसंसर्ग झाला होता आणि ते आठवडाभर अतिदक्षता विभागात होते. वाचले. ग्रंथात लिहिलेलं नुसतं विचारलं असतं तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं. जे लोक परंपरेचा हवाला देतात, त्यांनी परंपरेतली ही तपासणीची बाजू कधीच सोडून दिली आहे, याचा मला खरा राग आहे.

आता एकेक वनस्पती घेऊ. आईंच्या भुई आवळीपासून.

भुई आवळीची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला. हेपटायटिस बी चा विषाणू अंगात घेऊन वावरणाऱ्या लोकांना भुई आवळीचं चूर्ण २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, महिनाभर दिलं. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नकली औषध, म्हणजे तुलनेसाठी तसंच दिसणारं पण औषध नसलेलं चूर्ण, दिलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. त्या काळात बी वर धड औषध नव्हतं, त्यामुळे जगभर खळबळ उडाली. मग इतर देशांत तोच प्रयोग पुन्हा झाला आणि तो निकाल काही पुन्हा मिळाला नाही. २०११ साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नकली औषधापेक्षा भुई आवळी सरस असल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. आजही दुकानांतल्या पत्रकांवर १९८८ चा आकडा छापलेला असतो. नंतरचं काहीच नसतं.

असं का झालं असेल? एक कारण मला रोज दिसतं. भुई आवळी म्हणून बाजारात येतं ते एकच झाड नसतं. याच कुळातल्या तीन-चार सारख्या दिसणाऱ्या जाती पावसाळ्यात शेजारी शेजारी उगवतात, गोळा करणारा सगळ्या एकत्र उपटतो. वाळल्यावर मलाही त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. माती, महिना, वाळवण्याची पद्धत यांनी घटक बदलतात ते निराळंच. पण याहून साधं कारण हे की लहान अभ्यासात नशिबानेही मोठा फरक दिसू शकतो. आणि एक लक्षात घ्या, हा सगळा खटाटोप हेपटायटिस बी साठी होता. तुम्हाला हेपटायटिस बी आहे का, ते तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. ती तपासणी करून घ्या. यकृताचे आकडे वाढलेल्या प्रत्येकाची बी आणि सी साठी एकदा तपासणी व्हायलाच हवी.

कुटकी, जिला जुने लोक केदारकडू म्हणतात, हे माझं आवडतं औषध. त्यामुळे तिच्याबद्दल मी जास्त कडक बोलते. हिमालयात उंचावर वाढणारी ही छोटी वनस्पती, औषधात मूळ वापरतात, आणि कडू इतकी की जिभेवर ठेवलं तर तासभर चव जात नाही. तिच्यावर मुंबईत झालेली चाचणी १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये छापून आली. रुग्ण तीव्र विषाणूजन्य काविळीचे, पण बी नसलेले. १५ जणांना कुटकीचं चूर्ण ३७५ मिलिग्रॅम तीनदा, दोन आठवडे. १८ जणांना नकली औषध. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. बिलिरुबिन सरासरी २.५ पर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सुमारे २७ दिवस लागले, दुसऱ्या गटात सुमारे ७६. आमच्या क्षेत्रात इतक्या नीट बांधणीची चाचणी दुर्मीळ, म्हणून मी ती अभिमानाने सांगते. पण ३३ माणसं म्हणजे एका एसटीतले निम्मे प्रवासी. एवढ्यावर औषध सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. मोठी चाचणी करण्याइतकं कारण मात्र मिळतं. मोठी चाचणी झाल्याचं माझ्या वाचनात नाही. पैसा कोण घालणार? मुळावर कुणाचं पेटंट नाही.

दरम्यान जंगलातून इतकी कुटकी उपटली गेली की १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आहे. भाव चढला, भेसळ वाढली. कुटकीची सगळ्यांना माहीत असलेली गोळी म्हणजे आरोग्यवर्धिनी. तिच्यात निम्मी कुटकी असते, उरलेल्या निम्म्यात शुद्ध केलेला पारा आणि गंधक, लोह, अभ्रक, ताम्र यांची भस्मं आणि त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ वगैरे. शास्त्राप्रमाणे शुद्धी करून बनवलेली असेल तर ती ठरावीक दिवस, देखरेखीखाली देण्याची आमची परंपरा आहे. पण ‘शास्त्राप्रमाणे’ हे डबीवरून कळत नाही. २००४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. बॉस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ते वाचून सुरुवातीला मीही चिडले होते, ‘यांना भस्म म्हणजे काय कळतं?’ म्हणून. नंतर माझ्याच एका रुग्णाच्या रक्तात शिसं वाढलेलं निघालं. बाहेरच्या कुणाकडून आणलेल्या बिनलेबलच्या पुड्या वर्षभर चालू होत्या. तेव्हापासून वर्ष-वर्ष आरोग्यवर्धिनी घेणाऱ्यांची मी ती बंद करते.

इथे जरा थांबून उंदरांबद्दल बोलायला हवं, कारण ‘संशोधनाने सिद्ध’ या शब्दांमागे बहुतेक वेळा उंदीरच असतो. भुई आवळी, कालमेघ (कोकणातलं पालेकिराईत), पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, कामोणी, अगदी शेवग्याचा पाला, सगळ्यांवर ‘यकृत संरक्षक’ म्हणून निबंधांचे ढीग आहेत. त्यातल्या बहुतेकांची रीत ठरलेली. उंदरांना काही दिवस अर्क पाजायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं विष किंवा पॅरासिटामॉलचा प्रचंड डोस द्यायचा आणि एसजीपीटी मोजायचा. अर्क घेतलेल्यांचा कमी वाढला की संरक्षण सिद्ध. पण तुमच्या यकृतावर कुणी एका दिवसात विष ओतलेलं नाही. अर्क आधी आणि विष नंतर, हा क्रमही तुमच्या बाबतीत उलटा आहे. उंदराला दिलेला डोस तुमच्या वजनाला लावला तर कित्येकदा रोज मूठभर चूर्ण खावं लागेल. हे अभ्यास खोटे नाहीत. त्यांनी विचारलेला प्रश्न तुमचा नाही, इतकंच.

परदेशी झाडांचीही हीच गत आहे. केमिस्टकडे मिळणाऱ्या सिलिमारिनच्या गोळ्या मिल्क थिसल या युरोपातल्या काटेरी झाडाच्या बियांपासून बनतात. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना तिथे त्यातला घटक शिरेतून देतात, तो उपयोग खरा आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकेत हेपटायटिस सी च्या १५४ रुग्णांवर नेहमीपेक्षा बरेच मोठे डोस २४ आठवडे देऊन पाहिले, तर एसजीपीटीत नकली औषधापेक्षा काही फरक पडला नाही. आणि तुम्हाला गंमत वाटेल, पण यकृताच्या बाबतीत माणसांवरच्या निरीक्षणांत सगळ्यात सातत्याने चांगली ठरलेली वनस्पती कुठली म्हणाल, तर कॉफी. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांत यकृत कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं. तिला ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून कुणी विकत नाही.

गुळवेलीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. २०२० मध्ये आम्ही सगळ्यांनीच गुळवेल वाटली. मी पण. त्या डिसेंबरमध्ये शेहेचाळीस वर्षांच्या एक बाई आल्या, डोळे पिवळे, एसजीपीटी हजाराच्या घरात. ए, ई, बी, सी सगळं निगेटिव्ह. मी त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारले, पण काढ्याचं विचारलं नाही, कारण तो माझ्या डोक्यात औषध नव्हताच, तो ‘घरचा’ होता. त्यांच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, आई पाच महिने दोन वेळा गुळवेल घेतेय, ती चालू ठेवू ना?’ त्यांना थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी संबंधित विकार आधीपासून होता. काढा बंद केला, पुण्याच्या यकृततज्ज्ञांकडे पाठवलं, स्टेरॉइड द्यावी लागली. चार महिन्यांनी आकडे खाली आले.

पुढच्या वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी अशाच सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. बऱ्याच जणांत चित्र सारखंच होतं, शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेल समजून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात घेतली गेली असेल. असेलही. पण नीट विचार करा: कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्या शेजारच्या काकांना त्या दोन जाती ओळखता येतात का? नसतील येत, तर आक्षेप खरा असला तरी तुमच्यासाठी सल्ला तोच राहतो. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरं आहे. ज्यांना थायरॉइड, सांधे, त्वचा यांचा प्रतिकारशक्तीचा विकार आहे किंवा ज्यांचे यकृताचे आकडे आधीच वाढलेले आहेत, त्यांनी मात्र ती घेऊ नये. तुम्ही दुसऱ्या गटात बसता.

हळदीचंही दोन ओळींत. भाजी-आमटीतली हळद खा, काविळीतही खा. ‘कावीळ आहे म्हणून हळद बंद’ याला रंगापलीकडे कारण नाही. पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूल हा वेगळा माल आहे. मिऱ्यातल्या पायपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कित्येक पट जास्त शिरतं. १९९८ च्या एका अभ्यासात माणसांत ही वाढ २० पट मोजली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतून हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा जणांची नोंद आली, त्यातला एक दगावला. फॅटी लिव्हरमध्ये कर्क्युमिनने एसजीपीटी थोडा उतरतो असं काही लहान चाचण्यांत दिसलंय. थोड्याशा उतरणीसाठी हा धोका घ्यावा, असं मला वाटत नाही.

आता तुमचं ‘लिव्हर डिटॉक्स’ चूर्ण. डब्यावर चौदा वनस्पती आहेत आणि प्रमाण दिलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. यकृत हाच शरीराचा गाळ उपसणारा अवयव. त्याला साफ करायला वरून चौदा नवी रसायनं पाठवायची, आणि ती पुन्हा त्यानेच निस्तरायची! आपल्याकडे ग्रंथात सांगितलेल्या कृतीप्रमाणे बनवलेल्या औषधाला परवाना मिळवण्यासाठी माणसांवरची चाचणी सादर करावी लागत नाही, हे बहुतेक ग्राहकांना माहीत नसतं. परवाना असणं याचा अर्थ ते बनवायची मुभा आहे; ते तुमच्या आजारावर चालतं असा नाही. यादीत बावची आहे का, तेवढं बघा. कोडावर देतात ती. तिने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. वजन कमी करायच्या चूर्णांत ग्रीन टीचा दाट अर्क असतो, त्याचंही तसंच. कपातल्या ग्रीन टीला मी काही म्हणत नाही.

इथपर्यंतचं सार एवढंच की काविळीत कुटकीला थोडा, पण खरा आधार आहे. भुई आवळीचा गाजलेला आधार टिकला नाही. गुळवेल आणि हळदीच्या कॅप्सूल तुमच्यासाठी उलट जोखमीच्या आहेत. आणि यातल्या कशानेही फॅटी लिव्हर परततं असं पटण्यासारखं माझ्या वाचनात नाही.

मग तुमच्या यकृताचं करायचं काय? पहिला प्रश्न चरबी किती हा नसून यकृतात चिवट धागे, म्हणजे व्रण, तयार झालेत का हा आहे. सोनोग्राफीतला ‘ग्रेड २’ फक्त चरबीबद्दल बोलतो. एक सोपं गणित आहे, डॉक्टर त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं: ४४ गुणिले ४८ म्हणजे २११२. खाली प्लेटलेट हजारांत, २४०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ७८ चं वर्गमूळ ८.८३, म्हणजे सुमारे २११९. भागाकार एकच्या आसपास. १.३ च्या खाली आकडा असेल तर पुढे गेलेला व्रण असण्याची शक्यता कमी. तुम्हाला मधुमेह आहे म्हणून मी तेवढ्यावर न थांबता एकदा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय हे बाहेरून मोजणारी तपासणी, करून घ्या म्हणेन. पुण्यात तो सहज होतो, सुई-टाका काही नाही.

दुसरं, बंद केलेली गोळी. हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य. फॅटी लिव्हर असलेली माणसं यकृतापेक्षा हृदयविकाराने जास्त जातात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या फॅटी लिव्हरमध्ये सहसा सुरक्षित असतात. वाढलेला ७८ हे त्या बंद करण्याचं कारण नाही. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना उद्याच फोन करा, बंद केली होती हे न लाजता सांगा, आणि त्यांच्या सांगण्याने चालू करा. रुग्ण अॅलोपॅथीच्या डॉक्टरांना घाबरून त्यांच्यापासून काढा लपवतात आणि मला घाबरून माझ्यापासून गोळ्या लपवतात. मधल्या मध्ये यकृत बिचारं दोन्ही निस्तरतं.

तिसरं, वजन. तुमच्या उंचीला ८२ किलो म्हणजे बीएमआय २९. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त धरतात. वजन पाच टक्के उतरलं की यकृतातली चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांत सूज उतरते, त्याहून जास्त उतरलं तर बऱ्याच जणांत व्रणही मागे फिरतात. तुमच्या हिशेबात चार किलोला सुरुवात, आठ किलोला मुक्काम. सहा महिन्यांत करा, महिन्यात नको; झपाट्याने वजन पाडलं तर पित्ताशयात खडे होतात. माझ्या रुग्णांत सगळ्यात आधी खाली येतो तो चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे महिन्याला दीड किलोच्या आसपास साखर नुसती कपातून जाते. ‘लिव्हरला चांगला’ म्हणून रोज उसाचा रस पिणारे तर माझ्याकडे रांगेने येतात. ती काविळीतली जुनी सवय, मळमळीत काही जात नाही तेव्हाची. फॅटी लिव्हरमध्ये ती आगीत तेल आहे. रात्रीचं जेवण आठच्या आत, भाताची मूद अर्धी, भाकरी-भाजी-उसळ पोटभर, आणि रोज चाळीस मिनिटं घाम येईल असं चालणं. दारूबद्दल तुम्ही ‘फक्त शनिवारी’ असं लिहिलंय आणि किती ते लिहिलेलं नाही. सहा महिने शनिवारही सोडा.

हे सगळं ज्यावर अवलंबून आहे तेही सांगते. बी किंवा सी निघालं, फायब्रोस्कॅनमध्ये आकडा जास्त आला, घरात कुणाला यकृताचा आजार असेल, तर हा सल्ला बदलतो आणि तुम्ही यकृततज्ज्ञांच्या हाताखाली जायला हवं. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी, पायांवर सूज, रक्ताची उलटी, काळा संडास, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा झोपाळूपणा, यातलं काहीही दिसलं तर वैद्य नाही, डॉक्टरही नाही, थेट रुग्णालय.

राहिली आईंची भुई आवळी. ती फेकून देऊ नका, त्यांना वाईट वाटेल. सध्या डब्यात राहू द्या. आधी बी आणि सी ची तपासणी आणि पुन्हा एकदा एसजीपीटी. तीन महिने फक्त चालणं, चहा आणि शनिवार एवढंच बदला, मग तोच एसजीपीटी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा. एकाच वेळी पाच गोष्टी सुरू केल्या तर आकडा उतरला तरी कशाने ते कळणार नाही आणि चढला तरी कळणार नाही. त्यानंतरही आईंचा आग्रह राहिला तर एकटी भुई आवळी, पाव चमचा ताकातून, जास्तीत जास्त सहा आठवडे. साखर घरी मोजत राहा, आणि शेवटी पुन्हा रक्त तपासा. चूर्णाचा डबा मात्र आजच बंद करा. तोही फेकू नका. लेबलचा, बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि घ्यायला सुरुवात केली असेल तर ती तारीख त्यावर लिहा. पुढच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी दोनशेवर गेलेला निघाला, तर तुमच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच डबा बघायचा असेल.